विल्किन्सन, जॉनी

विल्किन्सन, जॉनी : (२५ मे १९७९– ). विख्यात इंग्लिश व्यावसायिक रग्बीपटू. संपूर्ण नाव जोनाथन पीटर विल्किन्सन. रग्बी युनियन या खेळातील ‘फ्लाय-हाफ’ या जागेवरील सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये त्याची गणना होते. २००३ साली सिडनी येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी त्याने केलेल्या गोलामुळे इंग्लंडला जगज्जेतेपद प्राप्त झाले. तथापि त्यानंतर लागोपाठ झालेल्या दुखापतींमुळे तब्बल १,१६९ दिवस तो इंग्लंडकडून खेळू शकला नाही. कीर्तीच्या शिखरावर असतानाच शरीराने साथ सोडणे, त्यातून उद्‌भवणारा मानसिक संघर्ष आणि कालांतराने खेळात झालेले यशस्वी पुनरागमन, या तिन्ही दृष्टींनी त्याची कारकीर्द व्यावसायिक रग्बीच्या अभ्यासात उद्‌बोधक ठरते.

बालपण व जडणघडण : विल्किन्सनचा जन्म इंग्लंडच्या सरे परगण्यातील फ्रिम्ली येथे झाला. फार्नम येथील क्लबमध्ये त्याने लहानपणीच रग्बीचे धडे गिरविले. त्याचे शिक्षण हँपशरमधील लॉर्ड वँड्सवर्थ कॉलेज या निवासी शाळेत झाले. तेथील शिक्षक स्टीव्ह बेट्स हे स्वतः रग्बीपटू होते. बेट्स पुढे न्यूकॅसल फाल्कन्स या क्लबकडे गेले आणि त्यांच्यामुळेच विल्किन्सनचा त्या क्लबशी संबंध आला. चूक होण्याची अतोनात भीती आणि निर्दोषतेचा ध्यास हे त्याच्या स्वभावाचे दोन विशेष बालवयातच दिसून येत. सामन्याच्या आधी तो कमालीचा अस्वस्थ होई. हीच अस्वस्थता त्याच्या अखंड सरावामागील प्रेरणा होती आणि पुढे तीच त्याच्या दुःखाचेही कारण ठरली.

खेळाची पार्श्वभूमी : रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात व सामना ८० मिनिटांचा असतो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकविल्यास ५ गुण मिळतात, त्यास ‘ट्राय’ म्हणतात. ट्रायनंतर लाथेने चेंडू खांबांमधून व आडव्या दांड्यावरून मारल्यास आणखी २ गुण मिळतात. दंडाच्या लाथेने केलेल्या गोलाचे (पेनल्टी) ३, तर खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून तो उसळताक्षणीच मारून केलेल्या गोलाचे (ड्रॉप गोल) ३ गुण असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूस प्रतिस्पर्धी कवेत घेऊन खाली पाडतो, त्यास ‘टॅकल’ असे नाव आहे. खेळातील बहुतेक दुखापती या टॅकलमध्येच होतात [⟶ रग्बी].

दहा क्रमांकाचा फ्लाय-हाफ हा संघाच्या चढाईचा सूत्रधार. चेंडू पुढे कोणाकडे द्यायचा, स्वतः धावायचे की लाथ मारायची, हा निर्णय त्याला क्षणार्धात घ्यावा लागतो. या जागेवरील खेळाडू परंपरेने टॅकलपासून काहीसा दूर राहात असे, त्याचे संरक्षण करणे हे इतरांचे काम समजले जाई. विल्किन्सनने ही परंपरा मोडली. आपल्याहून कितीतरी वजनदार खेळाडूंवर तो निःशंकपणे झेप घेई व त्यांना पाडी. या धाडसाने इंग्लंडचा बचाव बळकट झाला, परंतु त्याची मान, खांदे व दंड यांच्यावर सतत आघात होत राहिले.

दीर्घकाळ रग्बी युनियन हा हौशी खेळ होता. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून उत्तर इंग्लंडमधील क्लब १८९५ मध्ये वेगळे झाले व त्यातूनच पुढे रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ निर्माण झाला. त्यानंतर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने युनियनमध्येही खेळाडूंना मानधन देण्यास मान्यता दिली. खेळाडू पूर्णवेळ व्यायाम व सराव करू लागले. त्यामुळे त्यांची शरीरे अधिक भारदस्त व गतिमान झाली आणि धडकांची तीव्रताही वाढली. त्याचबरोबर शरीर हेच खेळाडूच्या उपजीविकेचे साधन बनले. हौशी खेळाडूला दुखापत झाली, तर त्याचा खेळ थांबे पण व्यवसाय चालू राही. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत मात्र दोन्ही एकाच वेळी थांबतात. विल्किन्सन हा या परिवर्तनानंतर लगेच उदयास आलेल्या पहिल्या पिढीचा प्रतिनिधी होय.

उदय : १९९७ मध्ये विल्किन्सन न्यूकॅसल फाल्कन्समध्ये दाखल झाला. इंग्लंडचा माजी फ्लाय-हाफ रॉब अँड्रू तेथे खेळाडू व संचालक अशा दुहेरी भूमिकेत होता. १९९७-९८ च्या हंगामात या क्लबने इंग्लंडमधील सर्वोच्च साखळी स्पर्धा जिंकली. ४ एप्रिल १९९८ रोजी ट्विकनम येथे आयर्लंडविरुद्ध राखीव खेळाडू म्हणून त्याने आंतरराष्ट्रीय पदार्पण केले, त्या वेळी तो अवघा १८ वर्षांचा होता. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिस्बेन येथे इंग्लंडच्या दुबळ्या संघाला ऑस्ट्रेलियाने ७६–० असे पराभूत केले. या पराभवाची बोच त्याला दीर्घकाळ राहिली आणि त्याने आपला सराव अधिकच कठोर केला.

लाथ मारण्याच्या तंत्रात त्याला डेव्ह ॲलरेड या प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले. गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हात छातीपुढे एकत्र गुंफून, चेंडू व खांब यांच्याकडे आळीपाळीने पाहण्याची त्याची लकब जगभरातील मुलांनी उचलली. खांबांच्या मागे प्रेक्षागृहात एक काल्पनिक स्त्री बसली आहे, असे मानून तो तिच्या दिशेने नेम धरी. मोठ्या लक्ष्यापेक्षा लहान लक्ष्यावर नेम धरल्यास चुकीची व्याप्ती कमी होते, हे त्यामागील तत्त्व. सर्वसामान्य खेळाडू एका पायावर अवलंबून असतो, परंतु विल्किन्सनने मुळात डावखोरा असूनही उजव्या पायावर तितकीच मेहनत घेतली. सराव मनासारखा होईपर्यंत मैदान सोडायचे नाही, हा त्याचा नेम होता. अनेकदा इतर खेळाडू घरी गेल्यावरही तो एकटाच मैदानावर दिसे.

२००१ मध्ये ब्रिटिश व आयरिश लायन्स संघाकडून तो ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. २००३ मध्ये इंग्लंडने सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतील सर्व सामने जिंकले. त्याच वर्षी प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड व कर्णधार मार्टिन जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात गेला. उपान्त्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध इंग्लंडने मिळविलेले सर्वच्या सर्व २४ गुण एकट्या विल्किन्सनचे होते. २२ नोव्हेंबर रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेला अंतिम सामना नियमित वेळेत १४–१४ असा बरोबरीत सुटला. जादा वेळ संपत आली, तरी गुणसंख्या १७–१७ अशी होती. केवळ २६ सेकंद उरले असताना मॅट डॉसनने दिलेला चेंडू विल्किन्सनने आपल्या दुय्यम, म्हणजे उजव्या पायाने मारला व ड्रॉप गोल केला. इंग्लंड २०–१७ असे विजयी झाले. उत्तर गोलार्धातील संघाने विश्वचषक जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे ११३ गुण त्याने मिळविले. त्या वर्षीचा जगातील सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही त्याची निवड झाली. त्या वेळी तो २४ वर्षांचा होता.

दुखापतींचे पर्व : विश्वविजयानंतर महिना-दीड महिन्यातच, डिसेंबर २००३ मध्ये, क्लबच्या सामन्यात त्याच्या खांद्याची दुखापत बळावली. मानेच्या मणक्यांमधून खांद्याकडे व हाताकडे जाणाऱ्या तंत्रिकांवर वारंवार ताण पडल्याने हाताची शक्ती घटली होती. फेब्रुवारी २००४ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली व तो हंगाम वाया गेला. ऑक्टोबर २००४ मध्ये त्याची इंग्लंडच्या कर्णधारपदी नियुक्ती झाली, पण दंडाच्या स्नायूत रक्त साकळल्याने नियोजित सामन्यांत तो खेळू शकला नाही. जानेवारी २००५ मध्ये पेर्पीन्याँविरुद्ध त्याच्या डाव्या गुडघ्याचा आतील अस्थिबंध दुखावला. मार्चमध्ये तो परतला आणि पहिल्याच सामन्यात त्याच गुडघ्याला पुन्हा इजा झाली. त्याच वर्षी लायन्स संघाबरोबर न्यूझीलंडच्या दौऱ्यात वेलिंग्टनच्या कसोटी सामन्यातून त्याला जखमी अवस्थेत बाहेर पडावे लागले. पुढे आंत्रपुच्छशोथ, जांघेतील शस्त्रक्रिया, मांडीच्या आतील बाजूचा स्नायू फाटणे, सप्टेंबर २००६ मध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाला पुन्हा दुखापत आणि नोव्हेंबर २००६ मध्ये सामन्यातील आघाताने मूत्रपिंडाला झालेली जखम, अशी ही मालिका चालूच राहिली.

कारणमीमांसा : या मालिकेस केवळ दुर्दैव म्हणता येणार नाही. आंत्रपुच्छशोथासारखा आजार वगळता तिच्यात तीन प्रकारची कारणे संभवतात. पहिले कारण आघाताचे. डोके व खांदा विरुद्ध दिशांना ताणले गेले, की मानेच्या तंत्रिकांना झटका बसतो आणि हातात आग झाल्यासारखी वेदना होते. एखादा झटका काही मिनिटांत ओसरतो, पण तो वरचेवर बसल्यास तंत्रिकेची हानी कायमची होऊ शकते. विल्किन्सनच्या टॅकल करण्याच्या धाटणीमुळे हा धोका वाढला. दुसरे कारण अतिश्रमाचे. लाथ मारताना जांघेचे व मांडीच्या आतील बाजूचे स्नायू जोराने ताणले जातात. पुरेशा विश्रांतीविना ही क्रिया दररोज शेकडो वेळा केल्यास ऊतींची झीज भरून निघत नाही. तिसरे कारण दीर्घ विश्रांतीनंतरच्या पुनरागमनाचे. एक अवयव बरा होत असताना इतर स्नायूंचा सराव तुटतो, शरीराचा तोल व धावण्याची पद्धत नकळत बदलते आणि मैदानावरील प्रत्यक्ष धडकेची सवय नाहीशी होते. अशा शरीरास पहिल्याच सामन्यात पूर्वीचाच भार पेलावा लागला, तर नवी किंवा जुनीच दुखापत उद्‌भवते.

इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या २००२ ते २००४ या काळातील पाहणीने या अनुमानास पुष्टी दिली. तीत सामन्यांतील दर १,००० खेळाडू-तासांमागे सु. ९१ दुखापती आढळल्या आणि प्रत्येक दुखापतीमुळे सरासरी १८ दिवस वाया गेले. एका संघाचे १५ खेळाडू ८० मिनिटे खेळले, म्हणजे २० खेळाडू-तास होतात. याचा अर्थ, दर सामन्यात प्रत्येक संघाचे जवळजवळ दोन खेळाडू जायबंदी होत. जुनी दुखापत पुन्हा उद्‌भवल्यास ती बरी होण्यास नव्या दुखापतीपेक्षा अधिक दिवस लागत, हेही या पाहणीत दिसून आले. विल्किन्सनच्या गुडघ्याचा इतिहास या निष्कर्षाचे ठळक उदाहरण ठरावा.

मानसिक परिणाम : शारीरिक वेदनेपेक्षा मानसिक यातना अधिक असह्य होत्या, असे विल्किन्सनने आपल्या आत्मचरित्रात (२०११) व अनेक मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले आहे. बालपणापासून त्याने जे ध्येय डोळ्यांपुढे ठेवले होते, ते २४ व्या वर्षीच साध्य झाले होते आणि त्याबरोबरच मनात एक पोकळी निर्माण झाली होती. खेळ बंद पडताच ती भरून काढण्याचे साधनही उरले नाही. प्रसिद्धी टळत नव्हती, मात्र ज्या कामगिरीमुळे ती मिळाली ते काम करता येत नव्हते. चिंता व अवसाद यांनी तो ग्रासला गेला. दुखापतीच्या काळातही तो सरावाचा अतिरेक करी आणि त्यामुळे बरे होणे लांबे. ‘मी रग्बीपटू नसेन, तर कोण आहे?’ अशा स्वरूपाचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. याच काळात तो बौद्ध विचार व पुंजभौतिकी यांच्या वाचनाकडे वळला. निरीक्षकाच्या दृष्टीनुसार अनुभवाचे स्वरूप बदलते, या कल्पनेने आपल्या अपयशाच्या भीतीकडे तटस्थपणे पाहता येऊ लागले, असे तो सांगतो. व्यावसायिक खेळाडूंनी मानसिक अस्वास्थ्याविषयी जाहीरपणे बोलण्याची प्रथा त्या काळी रुळली नव्हती, हे लक्षात घेता त्याच्या या कथनाचे महत्त्व विशेष आहे.

पुनरागमन : ३ फेब्रुवारी २००७ रोजी ट्विकनम येथे स्कॉटलंडविरुद्ध विल्किन्सन पुन्हा इंग्लंडकडून उतरला. फारसा सराव नसतानाही त्याने ट्राय, ट्रायनंतरचे गोल, पेनल्टी व ड्रॉप गोल अशा सर्व प्रकारांनी मिळून २७ गुण केले आणि इंग्लंडने ४२–२० असा विजय मिळविला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यातील हा वार्षिक सामना ‘कलकत्ता चषका’साठी खेळला जातो. या चषकाचा भारताशी संबंध आहे. १८७३ मध्ये स्थापन झालेला कलकत्ता फुटबॉल क्लब १८७८ मध्ये बंद पडला. तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपाने काढून घेतली, ते रुपये वितळविले आणि नागाच्या आकाराच्या तीन मुठी व झाकणावर हत्ती असलेला हा चषक घडवून इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. १८७९ पासून तो उभय देशांच्या लढतीत पणास लागतो.

त्याच वर्षीच्या विश्वचषकात घोट्याच्या दुखापतीमुळे विल्किन्सन पहिल्या सामन्यांना मुकला. तो परतल्यावर इंग्लंडने उपान्त्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियास १२–१० असे हरविले आणि हे सर्व १२ गुण त्याचे होते. पॅरिस येथील अंतिम सामन्यात मात्र दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडचा १५–६ असा पराभव केला. सप्टेंबर २००८ मध्ये त्याच्या गुडघ्याची वाटी निखळली व आणखी एक हंगाम बुडाला.

उत्तरार्ध : बारा हंगामांनंतर २००९ मध्ये न्यूकॅसल सोडून तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील तूलाँ या क्लबकडे गेला. तिशी गाठलेल्या आणि वारंवार जायबंदी झालेल्या खेळाडूच्या कारकीर्दीची ही अखेर ठरेल, असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात नेमके उलटे घडले. नवे वातावरण त्याला मानवले, तो फ्रेंच भाषा शिकला व प्रेक्षकांचा लाडका झाला. दुखापती संपल्या नाहीत, तथापि त्या पूर्वीसारख्या एकामागून एक आल्या नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती घेतली. २०१३ मध्ये तूलाँने क्लेरमाँचा १६–१५ असा पराभव करून यूरोपीय क्लबांचा हाइनेकन चषक प्रथमच जिंकला आणि विल्किन्सन त्या वर्षीचा यूरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २४ मे २०१४ रोजी तूलाँने हा चषक राखला आणि ३१ मे रोजी कास्त्रवर १८–१० अशी मात करून फ्रान्सचे विजेतेपदही मिळविले. या अखेरच्या सामन्यात विल्किन्सनने १५ गुण केले. वयाची पस्तिशी पूर्ण होऊन आठवडा उलटत असताना, दुखापतीमुळे नव्हे तर स्वेच्छेने, तो मैदानातून निवृत्त झाला.

इंग्लंडकडून ९१ सामन्यांत त्याने १,१७९ व लायन्सकडून ६ कसोटी सामन्यांत ६७, असे एकूण १,२४६ आंतरराष्ट्रीय गुण मिळविले. पुढे न्यूझीलंडच्या डॅन कार्टरने हा आकडा मागे टाकला. विश्वचषक स्पर्धांतील त्याचे २७७ गुण आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ३६ ड्रॉप गोल हेही उच्चांक होत. त्याला ओबीई (२००४) व सीबीई (२०१५) हे किताब मिळाले. २०१६ मध्ये जागतिक रग्बी संघटनेने त्याचा सन्माननीय खेळाडूंच्या दालनात समावेश केला.

मूल्यमापन : विल्किन्सनची कहाणी पुनरागमनाने संपली, परंतु ती सर्वांच्या वाट्याला येत नाही. २००३ च्या अंतिम सामन्यात त्याच्यासमवेत खेळलेला स्टीव्ह टॉमसन यास वयाच्या चाळिशीनंतर लगेच स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झाले. तो विश्वविजय आपल्याला आठवत नाही, असे त्याने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. डोक्याला वारंवार बसलेल्या आघातांपासून खेळाडूंचे पुरेसे संरक्षण झाले नाही, असा दावा करून त्याने व इतर काही माजी खेळाडूंनी खेळाच्या नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयीन कारवाई आरंभिली. गुडघ्याचा अस्थिबंध सांधता येतो व स्नायू पुन्हा जुळून येतो, मेंदूची हानी मात्र भरून काढता येत नाही.

या जाणिवेतून खेळाच्या नियमांत व वैद्यकीय व्यवस्थेत काही बदल झाले आहेत. डोक्यास मार लागल्याचा संशय येताच खेळाडूस तपासणीसाठी बाहेर काढण्याची पद्धत २०१२ पासून रूढ होऊ लागली. इंग्लंडमधील हौशी रग्बीत २०२३ च्या हंगामापासून टॅकलची कमाल उंची खांद्यावरून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत उतरविण्यात आली. आघाताची तीव्रता मोजणारी यंत्रणा असलेले दातांचे संरक्षक कवच आता वरिष्ठ दर्जाच्या सामन्यांत वापरले जाते. खेळाडूचे शरीर हे साधन मानले, तर ते झिजणारच, मात्र त्या झिजेची नोंद ठेवणे व ती वेळीच थांबविणे ही केवळ खेळाडूची नव्हे, तर खेळ चालविणाऱ्यांचीही जबाबदारी आहे, हे तत्त्व या बदलांच्या मुळाशी आहे. विल्किन्सनच्या १,१६९ दिवसांच्या अनुपस्थितीचे मोल या संदर्भात त्याच्या विक्रमांइतकेच मोठे आहे.